रिकामी फेरी

"या वेळी मीसुद्धा पिणार आहे," मी म्हणालो आणि टेबलाभोवतीचा कलकलाट एकदम थांबला.

धाकटीचं पेन कागदावर तसंच राहिलं. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. वय बावन्न, निम्मे केस पांढरे, पण घरात ती अजून धाकटीच. वाइन चाखायच्या सहलीचा कागद तिच्यापुढे होता. एका रविवारात तीन द्राक्षमळे, सकाळी नऊला निघायचं, संध्याकाळी सहाला घरी. कागदावरची पहिली ओळ होती : 'गाडी – भाऊजी'. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. गेली अठ्ठावीस वर्षं कुठेही जायचं ठरलं की पहिली ओळ तीच असते.

"काय म्हणाले जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं.

"वाइन पिणार म्हणतायत, आई," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला खोकल्याच्या औषधाने गरगरतं. वाइन कसली पिताय?"

"का? तुम्ही सगळ्यांनी आत बसून घोट घ्यायचे आणि मी बाहेर काचा पुसत उभं राहायचं? मी काय घोडं मारलंय?"

यावर सगळे हसले. साडूभाऊंनी तर टाळी दिली. साडूभाऊ म्हणजे धाकटीचा नवरा. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाइनवरचं एक पुस्तक वाचलं, आणि तेव्हापासून आम्हाला सुख नाही. "उशिरा का होईना, साडूभाऊ माणसात आले!" ते म्हणाले.

माझी लेक तेवढी हसली नाही. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. समोरचा माणूस घाबरलाय की नाही हे तिला बाही वर करण्याआधीच कळतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी चहाच्या कपात तोंड घातलं.

खरं सांगतो, मला वाइन नको होती. सत्तावन्न वर्षांत थेंब घेतला नाही, आता काय घेणार? मला गाडी चालवायची नव्हती. आणि का चालवायची नव्हती, ते जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं.

मी शाळेची बस चालवतो. एकतीस वर्षं. बसला ओरखडा नाही, पोलिसाची पावती नाही, एका पोराच्या गुडघ्याला खरचटलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. किंवा फुशारकी म्हणूनच सांगतो, दुसरं आहे काय माझ्याजवळ? शिक्षण बेताचं, रूप त्याहून बेताचं. पण लग्न असो, दवाखाना असो, कुणाला आणायचं-सोडायचं असो, माझ्या गाडीत बसलेला माणूस निवांत झोपतो. बायको तर पहिल्या वळणाआधी घोरायला लागते. मला त्याचा मनापासून अभिमान होता.

सुट्टी लागायच्या आधीचा मंगळवार. दुपारची फेरी, बसमध्ये सव्वीस मुलं. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि मी बस थांबवली. त्यानंतरचं जे आठवतं ते असं : मागे दहा-बारा हॉर्न बोंबलतायत, आणि माझ्या मागच्या सीटवरची पहिलीतली मुलगी माझ्या खांद्यात बोट खुपसतेय.

"काका, हिरवा झाला. कधीचाच झाला! आणि तुम्ही ओठ का चाटताय?"

मी गिअर टाकला. पोरं खिदळत होती. मीही म्हणालो, "अगं, भूक लागली काकांना." पण सदरा पाठीला चिकटला होता. ते हिरवं होणं मी पाहिलंच नव्हतं. डोळे उघडे होते, झोप नव्हती, डुलकी नव्हती. मी तिथे नव्हतो, एवढंच.

शुक्रवारी दुसऱ्यांदा झालं. मुलं सोडून रिकामी बस आगारात नेत होतो. पेट्रोल पंपापाशी होतो, आणि मग एकदम पुलावर होतो. पंप आणि पूल यांच्यामधला अर्धा किलोमीटर मी कसा आलो, कुणाला ओलांडलं, कुणाला हूल दिली, काही माहीत नाही. बस आगारात लावली आणि तासभर तिच्या पुढच्या चाकापाशी बसून राहिलो. बंपर चारदा पाहिला. कुठे काही लागलंय का, रक्तबिक्त आहे का, हे मी बघत होतो. माझ्याच बसवर.

दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे सुट्टी होती. मी मनाला म्हटलं, थकवा असेल. झोप कमी झाली असेल. सुट्टीत बरं वाटेल आणि सोमवारी शाळा उघडली की सगळं पहिल्यासारखं. दोन आठवडे गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. आणि धाकटीने नेमका शाळा उघडायच्या आदल्या दिवशीचा रविवार धरला.

"पण मग गाडीचं काय?" ती म्हणत होती. "ताईला येत नाही, मला येत नाही, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आणि पोरीला तुम्हीच मोठ्या रस्त्यावर हात लावू देत नाही."

"भाड्याची करू," मी म्हणालो.

"दारात सात सीटची उभी असताना?" बायको म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"थांबा, थांबा," साडूभाऊंनी हात वर केला. "काही अडत नाही. चाखायचं म्हणजे प्यायचं नव्हे. जाणकार माणूस घोट तोंडात घेतो, खेळवतो आणि थुंकतो. तिथे भांडंच ठेवलेलं असतं."

"थुंकायला भांडं?" सासूबाई म्हणाल्या. "मग एवढं लांब कशाला मरायचं? न्हाणीघर आहे की घरात."

"म्हणजे भाऊजींचं चाखणंही होईल आणि गाडीही चालेल!" धाकटीने आपल्या पहिल्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

मी घाईघाईने म्हणालो, "छे छे, थुंकलं तरी थेंब पोटात जातोच. स्टेअरिंगवर बसणाऱ्याने थेंबसुद्धा घेऊ नये, मी जन्मभर सांगत आलोय."

"मग नका घेऊ," बायको म्हणाली. "हट्ट आहे का काही?"

असा मी माझ्याच तोंडाने अडकलो. साडूभाऊ तोवर रंगात आले होते. त्यांनी चहाचा कप उचलला, उजेडाकडे धरला, हळूच गोल फिरवला, नाक खाली नेलं. "आधी रंग बघायचा. मग वास. मग जिभेवर..."

पुढे ते काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मला कळलं ते हे, की सगळे माझ्याकडे बघून पोट धरून हसतायत, कप माझ्या हातात कलंडलाय आणि चहा धाकटीच्या कागदावर पसरलाय.

"भाऊजी तर आत्तापासूनच चव घ्यायला लागले!" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "कसे ओठ चाटत होते बाई! हुबेहूब!"

"काय नक्कल केलीत," साडूभाऊ म्हणाले, जरा रुसूनच.

मीही हसलो. हसावंच लागलं. लेक फडकं घेऊन टेबल पुसत होती. माझ्या हाताखालचं पुसताना तिने माझं मनगट दोन बोटांनी धरलं, लॅबमध्ये धरते तसं, आणि सोडलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. धाकटीचा रोज फोन. पहिल्या मळ्यात दहा वाजून दहा मिनिटांनी पोचायचं, दुसरीकडे जेवण, तिसरीकडे तीनला. आईसाठी उशी घ्या. वळणं फार आहेत म्हणे, पण भाऊजी आहेत ना! भाऊजी आहेत ना, हे ऐकलं की मला दरदरून घाम फुटायचा. मी ब्रेक ढिले झाल्याचं कारण काढलं. मेकॅनिक माझा जुना दोस्त. त्याने गाडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "तू म्हातारा झालास, ब्रेक नाही." एरवी मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या.

आमच्या कामात एक रीत आहे. नवा रस्ता मिळाला की पहिल्या दिवशी मुलं घ्यायची नाहीत. आधी एकट्याने जाऊन यायचं. वळणं, खड्डे, बस कुठे फिरवता येते, सगळं बघायचं. आम्ही तिला रिकामी फेरी म्हणतो. मी घरच्या सहलींनाही ती चुकवलेली नाही, बायको त्यावरून चेष्टा करते. तेव्हा सहलीआधीच्या गुरुवारी मी किल्ली उचलली आणि म्हणालो, "मळ्यांच्या रस्त्यावर फेरी मारून येतो," तर कुणाला नवल वाटलं नाही.

खरं तर मला रस्ता बघायचाच नव्हता. मला मी बघायचा होतो. जाऊन-येऊन तीन तास काही झालं नाही, तर माझा सगळा भ्रम होता म्हणायचं. आणि झालंच काही, तर गाडीत मी एकटा. असा विचार करणाऱ्याला मूर्ख म्हणतात, हे मला आज कळतं. समोरून येणाऱ्या गाडीत कोण असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी गाडी सुरू केली आणि शेजारचं दार उघडून लेक आत बसली.

"तुला कामावर जायचं नाही?"

"सुट्टी घेतली."

"अगं, कंटाळशील. तीन तास नुसतं..."

"चला ना बाबा," तिने पट्टा लावला.

काय सांगून उतरवणार होतो तिला? काहीतरी तोडून बोललो असतो, भांडण काढलं असतं, तर उतरली असती. मी तेही केलं नाही. ती शेजारी बसल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

पहिला तास उत्तम गेला. गावाबाहेर रस्ता मोकळा होता, हवा स्वच्छ. माझा हात बसला. "बघ, या टाकीपाशी डावीकडे," "इथे खडी आहे, रविवारी हळू घ्यायचं," असं मी सांगत होतो आणि ती विचारत होती. मी जरा गप्प झालो की लगेच, "बाबा, बोलत राहा ना." मला वाटलं, पोरीला माझ्या गप्पा आवडतायत. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा लागल्या, एकामागून एक सरळ. मनात आलं, काही नाही रे, उगाच घाबरलास. मी तिला तिच्या लहानपणची गोष्ट सांगायला लागलो, ती माझ्या बसमध्ये पहिल्यांदा बसली आणि मला 'काका' म्हणाली होती ती.

"...आणि सगळी पोरं हसायला लागली, तेव्हा तू..."

"बाबा! बाबा!"

गाडी तिरकी उभी होती. काचेवर धूळ. बोनेटपुढे वीतभरावर द्राक्षाच्या मांडवाचा सिमेंटचा खांब. इंजिन बंद पडलेलं. लेकीचा एक हात स्टेअरिंगवर होता, दुसऱ्याने तिने हँडब्रेक असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. समोरून गेलेल्या ट्रकचा हॉर्न अजून लांबून ऐकू येत होता.

मग मी विचारलं, "किती वेळ?"

"ब्रेक ओढल्यावर मी मोजायला लागले. अकरा. त्याआधी किती, माहीत नाही."

"ओठ?"

"हो. चहाच्या वेळीपण असंच झालं होतं."

"तुला ठाऊक होतं? आणि तरी बसलीस माझ्या शेजारी? मरायला आलीस?"

"तुम्ही एकटे निघाला होतात, बाबा. मी काय करायला हवं होतं?" तिचा आवाज फुटला. मग तिने तो आवरला, कामावरचा आवाज आणला. "आधी कितीदा झालंय? कुणाला माहीत आहे?"

"पहिलीतल्या एका मुलीला," मी म्हणालो.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ट्रक अंगाजवळून गेला तेव्हा ती रडली नव्हती, ती आता रडायला लागली. "बसमध्ये? बाबा, मुलं असताना बसमध्ये?"

घरच्या पाच माणसांना घेऊन जायला माझी फाटत होती, त्यासाठी मी दारू पितो म्हणालो, ब्रेक बिघडल्याचं सांगितलं, काय नाही केलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वीस पोरं घेऊन निघायला मी तयार होतो. घरच्यांची भीती वाटली आणि त्या पोरांची वाटली नाही, असं नव्हतं. त्यांची इतकी वाटत होती की मी तिकडे बघतच नव्हतो. पण हे कुठल्या आईला सांगू शकलो असतो मी?

येताना लेकीने गाडी चालवली. मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदाच. चांगली चालवते. कुणाकडून शिकली, देव जाणे.

बायकोला लेकीनेच सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "आणि मी शेजारी झोपून जाते." एवढंच दोन-तीनदा म्हणाली. "मी शेजारी झोपून जाते हो."

शुक्रवारी डॉक्टर झाले. डोक्याला तारा लावून कसलासा आलेख काढला. झटक्याचाच एक प्रकार आहे म्हणाले, हातपाय न झाडता येतो, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. वेळेवर झोप, वेळेवर गोळ्या, दारू अजिबात नाही. "ती मी घेतच नाही," मी म्हणालो. "उत्तम. आणि गाडीही नाही." किती दिवस, मी विचारलं. वर्षभर काही झालं नाही तर घरच्या गाडीचं बघू म्हणाले. आणि बस? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बसबद्दल काही बोललेच नाहीत.

घरी येताना मी लेकीला म्हणालो, "शाळेत कंबर धरलीय म्हणून सांगतो. दोन-तीन वर्षंच राहिलीत. कागदपत्रांचं काम देतील तोवर. झालं गेलं, कुणाला काही लागलं नाही."

ती रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली, "मी कुणाला काही सांगणार नाही, बाबा. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा." यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेलो. वाहतूक बघणारे साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सोमवारच्या गाड्यांचा तक्ता करत होते.

"या काका. टायरचं ना? सांगितलंय मी."

मी बसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. सिग्नलचं, पुलाचं, द्राक्षमळ्याचं. टेबलाची कड धरून बोललो. ते पेन खाली ठेवून ऐकत होते.

"मुलं होती? सिग्नलला?"

"सव्वीस."

"आणि तुम्ही त्यानंतर तीन दिवस बस चालवलीत."

"हो, साहेब."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांची स्वतःची मुलगी दुसऱ्या बसने येते. ते म्हणाले, "हे लेखी द्यावं लागेल." मी लेखी दिलं. माझं अक्षर वाईट आहे, पण त्या दिवशी मी एकेक शब्द नीट काढला, कुणाला वाचताना शंका राहू नये म्हणून. मी उठलो तेव्हा ते उठून उभे राहिले नाहीत, हात पुढे केला नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती. दारापाशी पोचल्यावर ते मागून म्हणाले, "काका, सांगायला आलात ते..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

बसमधून माझ्या वस्तू काढल्या. पाठीची उशी, काच पुसायचं फडकं, उन्हाचा चष्मा. माझ्या सीटच्या मागच्या बाजूला त्या पहिलीतल्या मुलीने चिकटवलेले चांदण्यांचे स्टिकर होते. एरवी दर शनिवारी मी ते खरवडून काढायचो आणि तिला रागवायचो. ते तसेच ठेवून खाली उतरलो.

सहल रद्द करू, बायको म्हणाली. मीच नाही म्हणालो. धाकटीचा तो चहाचे डाग पडलेला कागद बदलून नवा झाला, आणि पहिल्या ओळीत लेकीचं नाव आलं. रविवारी ठीक नऊला निघालो. मी मधल्या सीटवर, बायकोशेजारी. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गाडीची मधली सीट कशी आहे ते मला माहीत नव्हतं. जरा टोचते. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय खाली दाबला जायचा आणि बायको माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. त्या दिवशी ती झोपली नाही. त्या खांबापाशी लेकीने वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

धाकटी आणि साडूभाऊ सकाळपासून जपून बोलत होते. साडूभाऊंनी पुस्तकातलं एक वाक्य सांगितलं नाही, यावरून काय ते समजा. सासूबाईंनी मात्र सरळ विचारलं, "जावईबापू, तुम्ही मागे कसे?" आणि मी म्हणालो, "आता लेक मोठी झाली, आई."

पहिल्या मळ्यात दहा वाजून बारा मिनिटांनी पोचलो. आत लांब लाकडी टेबल, थंडगार खोली, रांगेने मांडलेले ग्लास. एक हसतमुख बाई आमच्या पुढ्यात आली. तिच्या हातात पिवळ्या कागदी पट्ट्या होत्या.

"ड्रायव्हर कोण आहे तुमच्यात? त्यांच्या हाताला ही पट्टी बांधते, म्हणजे कुठेच कुणी चुकून ओतणार नाही."

माझा हात पुढे गेला. मी पुढे केला नाही, तोच गेला. एकतीस वर्षं तो प्रश्न आला की तो हात पुढे जातो. बाईने पट्टी मनगटाभोवती धरलीसुद्धा. धाकटी खाली बघायला लागली. लेक माझ्याशेजारी उभी होती, तिने आपला हात पुढे केला नव्हता. ती थांबली होती.

मी पट्टी बाईच्या हातातून घेतली आणि लेकीच्या मनगटाला बांधली. नीट बांधली. एक बोट आत जातंय ना, बघितलं.

"अच्छा, या चालवणार," बाई म्हणाली आणि माझ्यापुढे ग्लास ठेवला. "मग तुम्हाला ओतते."

"नको, मी घेत नाही."

"म्हणजे पट्टीही नाही, वाइनही नाही?" ती हसली. वाईट हेतूने नव्हे, तिला खरंच कळेना. "मग तुम्ही?"

मी कोण, या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कधी शोधावं लागलं नव्हतं.

"मी यांच्याबरोबर आलोय," मी म्हणालो.

तिने ग्लासात पाणी ओतलं आणि बाकीच्यांकडे वळली. मी ग्लास उचलला. दोन्ही हातांनी धरला. साडूभाऊ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या ग्लासात वाइन होती, पण ती त्यांनी तोंडाला लावली नव्हती. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, मीही धरला. त्यांनी हळूच गोल फिरवला, मीही फिरवला. मग त्यांनी घोट घेतला आणि मी पाण्याचा घोट घेतला.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं. चेष्टेचा लवलेश नव्हता.

"चांगलं आहे," मी म्हणालो.